मागच्या डिस्क दुसऱ्यांदा बदलल्या, तेव्हा हबचा गंज दिसला

गेल्या आठवड्यात गाडीच्या मागच्या दोन्ही ब्रेक डिस्क घरीच बदलल्या. हे काम मी याआधी एकदा केलं होतं आणि तेव्हा सगळं नीट झालं असंच वाटलं होतं, पण चार-पाच हजार किलोमीटर झाल्यावर वेगात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडायला लागलं, स्टिअरिंग एकदम स्थिर, पण सीटमधून थरथर यायची. स्टिअरिंग हललं तर बहुतेक वेळा पुढच्या डिस्क आणि सीट थरथरली तर मागच्या, असा ढोबळ अंदाज असतो. ज्याला विचारलं तो म्हणाला डिस्क तापून वाकली. यावेळी उघडल्यावर कळलं की वाकली-बिकली काही नव्हती, बसवतानाच माझी चूक झाली होती. ती नेमकी काय, ते नीट लिहून ठेवतो.

आधी गाडी उचलण्याचं. मागची डिस्क काढायची तर हँडब्रेक सोडावाच लागतो, नाहीतर पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्ट्या, डिस्कला धरून बसतात. मग गाडी धरून ठेवणार कोण? माझ्या गाडीची पुढची चाकं ओढतात, म्हणून पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. मागची चाकं ओढणारी गाडी असेल तर ती उचलल्यावर गिअरचा काही उपयोग नाही, सगळी मदार ठोकळ्यांवर. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग जॅक, मग स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात आत घालायचा नाही, पाच मिनिटांचं काम असलं तरी नाही.

दोन्ही बाजू एकदम उघडल्या नाहीत. एक बाजू पूर्ण करायची, काही अडलं तर दुसरी बाजू जशीच्या तशी बघायला मिळते.

कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, सुटला की तो तारेने स्प्रिंगला टांगायचा, ब्रेक ऑइलच्या होजवर (रबरी नळीवर) लोंबकळू द्यायचा नाही, होज आतून खराब होतो आणि बाहेरून दिसत पण नाही. माझ्याकडे आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला होता, म्हणजे कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक अडकलेली. मागच्या ब्रेकला हे फार होतं, कारण ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे जातो, मागचे ब्रेक कमी काम करतात आणि कमी वापरामुळे झिजण्यापेक्षा गंजतातच जास्त. पिना काढून पुसल्या आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावलं. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं आणि पिन परत अडकते.

कॅलिपर ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटचे दोन बोल्ट भयंकर घट्ट असतात, लांब दांड्याचा पाना लागतो. डिस्क धरून ठेवणारा छोटा स्क्रू असेल तर त्याचं डोकं आधी ब्रशने साफ करून बरोब्बर मापाचा बिट हातोडीने ठोकून बसवायचा आणि मगच फिरवायचं, डोकं गुळगुळीत झालं तर ड्रिल करण्यात अर्धा दिवस जातो. एवढं सगळं काढलं तरी डिस्क हलेना. गंजाने हबला, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या मधल्या भागाला, चिकटलेली. आदल्या रात्री मधल्या गोलाच्या कडेने गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, त्याचा फायदा झाला, पण खरं काम केलं डिस्कवरच्या आटे असलेल्या दोन भोकांनी. ती भोकं त्यासाठीच असतात. त्यात मापाचे बोल्ट घालून एकाला पाव फेरा, दुसऱ्याला पाव फेरा असं करत गेलो आणि टक्क आवाज करून डिस्क सुटली. मोठ्या हातोड्याने जोरात ठोकायचा मोह होतो, पण तो मार थेट बेअरिंगला बसतो.

आता मुद्द्याची गोष्ट. काढलेली डिस्क मी मायक्रोमीटरने गोल फिरवत ८ ठिकाणी मोजली. साधा व्हर्नियर इथे फसवतो कारण झिजलेल्या डिस्कच्या कडेला न झिजलेला काठ राहतो आणि तो त्यावरच टेकतो. कमीत कमी जाडी किती हवी ते डिस्कवरच कोरलेलं असतं, माझी त्याच्या वरच होती. पण एका बाजूची जाडी समोरच्या बाजूपेक्षा ०.०३ मिमी कमी निघाली. एवढासा फरक, केसाच्या जाडीपेक्षा कमी, आणि तोच पेडलमध्ये धडधडत होता. डिस्क उलटी केली तर आतल्या बाजूला, हबवर टेकते तिथे, गंजाच्या पापुद्र्याचा ठसा एकाच ठिकाणी उमटलेला. हबवर पण बरोबर तिथेच उंचवटा.

म्हणजे गेल्या वेळी मी हब नुसता फडक्याने पुसून नवी डिस्क चढवली होती आणि ती किंचित तिरकी बसली होती. तिरकी डिस्क दर फेऱ्याला, ब्रेक न दाबता सुद्धा, पॅडला त्याच जागी घासते, मग हजारो किलोमीटरमध्ये ती जागा पातळ होते. म्हणूनच नव्या डिस्कला सुरुवातीला काहीच जाणवत नाही आणि त्रास महिन्यांनी सुरू होतो, आणि लोक म्हणतात डिस्क वाकली. त्यानंतर कितीही नव्या डिस्क लावा, गंज तिथेच असेल तर तेच परत होणार.

यावेळी एका हबला पाऊण तास दिला. आधी तारेचा ब्रश, मग बारीक पॉलिश पेपर, चाकाच्या बोल्टांच्या आजूबाजूची जागा आणि मधल्या उंच गोलाची कड, तिथेच गंज लपतो. बोटाने फिरवून बघायचं, खरखर लागली की परत. घासताना मास्क हवाच, आणि ती काळी भुकटी हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. नवी डिस्क ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी धुतली, कारण गंजू नये म्हणून तिला तेल लावलेलं येतं. मग डिस्क चढवून चाकाचे सगळे नट वॉशर लावून घट्ट केले आणि डायल गेज (फिरताना डिस्क किती डगमगते ते काट्यावर दाखवणारं साधन) टेकवून डिस्क फिरवली. काटा ०.०२ मिमी हलला. बऱ्याच गाड्यांना ०.०५ च्या आसपास मर्यादा दिलेली असते, तरी आपल्या गाडीचं मॅन्युअल बघावं. जास्त आलं तर डिस्क एक बोल्ट पुढे फिरवून बसवायची आणि परत मोजायची.

नवे जाड पॅड मावावेत म्हणून कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन आत ढकलावा लागतो, तो भाग मागच्या बाजूला वेगळा असतो. ज्या कॅलिपरमध्ये केबलचा हँडब्रेक आहे त्याचा पिस्टन नुसता दाबून जात नाही, फिरवत फिरवत दाबावा लागतो, त्याचं वेगळं टूल मिळतं. मोठ्या क्लॅम्पने जबरदस्ती केली तर आतली यंत्रणा मोडते. पिस्टनच्या तोंडावरच्या खाचा पॅडच्या मागच्या खुंटीला जुळल्या पाहिजेत, शेवटी हे बघायचंच. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड, म्हणजे हँडब्रेकची मोटर मागे घेणारी सेटिंग, चालू करायचा. आणि डिस्कच्या आत छोट्या ड्रमसारखे शूज असतील तर ते आधी सैल करायचे, नाहीतर डिस्क निघतच नाही. पिस्टन आत जाताना ब्रेक ऑइलची टाकी भरून वाहू शकते, तिकडे लक्ष ठेवा, ते ऑइल पेंट खातं.

नव्या डिस्कवर पॅड पण नवेच घातले. जुने पॅड जुन्या डिस्कच्या घळींप्रमाणे झिजलेले असतात, ते नव्यावर नीट टेकत नाहीत. सगळे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने, अंदाजाने नाही, चाकाचे नट तर नक्कीच नाही, कारण ते कमी-जास्त आवळले तरी डिस्क तिरकी ओढली जाते.

गाडी खाली आणल्यावर हलवायच्या आधी पेडल दाबत राहायचं, पहिले काही वेळा ते थेट तळाला जातं. कडक झाल्यावरच गिअर टाकायचा. मग रिकाम्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १० पर्यंत बेताने ब्रेक, पूर्ण न थांबता, मधे थोडं चालवून थंड होऊ द्यायचं, असं आठ-दहा वेळा. गरम डिस्कवर पेडल दाबून उभं राहायचं नाही, पॅडचा थर त्या जागी चिकटतो आणि मग परत तीच थरथर.

शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट परत तपासले, एकही सैल नव्हता. डिस्कवर दोन्ही बाजूंना एकसारखा राखाडी रंग चढलाय. पाच हजार झाले की चाक काढून त्याच ८ जागा मायक्रोमीटरने मोजणार आहे, आकडे वहीत लिहून ठेवलेत.