साडेसहा तासांत अमेरिका

साताऱ्यात एसटी स्टँडासमोर माझं तिकीट बुकिंगचं ऑफिस आहे. गेल्या जूनमध्ये एक काका-काकू मुंबई-नेवार्क थेट विमानाची तिकिटं घेऊन गेले. नेवार्क म्हणजे न्यूयॉर्कच्या शेजारचं, न्यू जर्सीतलं. त्यांची मुलगी तिकडंच असते. दोन दिवसांनी दोघं परत आले, काका कपाळावर आठ्या घेऊन. काका एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. तिकिटावर पेनाने खुणा करून आणलेल्या.

"जाताना रात्री १.३० ला सुटते, त्याच दिवशी सकाळी ८ ला पोचते. साडेसहा तास. येताना दुपारी १२.३० ला सुटून दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३०. म्हणजे चोवीस! जाताना शिवनेरी आणि येताना लाल डबा? भाडं तर सारखंच घेतलंय तुम्ही."

मी हसत होतो, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "सकाळचं इंजेक्शन मग मुलीकडं गेल्यावरच घेईन ना? मोठ्या बॅगेतच भरून ठेवलीत."

माझं हसू तिथंच थांबलं. काकूंना सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. संध्याकाळचं मुंबईच्या विमानतळावर, सकाळचं मुलीकडं, असा त्यांचा हिशेब. दोन इंजेक्शनांत बारा-चौदा तासांचं धरलेलं अंतर प्रत्यक्षात चोवीसच्या घरात जाणार होतं. वर औषध विमानाच्या पोटात. तिथल्या थंडीत इन्सुलिन गोठलं तर टाकूनच द्यावं लागतं. चूक माझीच. तिकिटावर दोन्ही ठिकाणच्या वेळा स्थानिक असतात, हे मला इतकं पाठ झालंय की सांगायचंच राहून गेलं.

"काका, सुटायची वेळ आपली, पोचायची तिथली. उन्हाळ्यात ते आपल्या साडेनऊ तास मागे. जातानाच्या साडेसहात साडेनऊ मिळवा."

"सोळा."

"येतानाच्या चोवीसातून तेवढेच वजा करा."

"साडेचौदा." काकांनी मान वर केली. "तरी दीड तासाचा फरक राहतोच की."

माझ्या मुलीच्या शाळेचा पृथ्वीगोल ऑफिसात पडलेला असतो, तो काढला. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरलं, दुसरं नेवार्कवर, आणि ताणला. काकांना वाटलं होतं दोरा अरबी समुद्र, आफ्रिका करत सरळ पश्चिमेला जाईल. तो चढला वर: रशिया, स्वीडन-नॉर्वे, आइसलँडजवळून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाकडं, आणि मग खाली. अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर. विमान तंतोतंत याच रेषेवरून जात नाही, विमानांना बंद असलेली आकाशं चुकवत वळसे घेतं; पण कल उत्तरेचाच.

काकांनी तिकिटाच्या मागे भागाकार मांडला. "जाताना ताशी पावणेआठशे, येताना साडेआठशेच्या पुढं. मग जाताना घाट लागतो का?"

"वाऱ्याचा लागतो. वरच्या हवेत जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतो. जाताना समोरून, येताना पाठीवर."

"म्हणजे खंबाटकी घाट," काका म्हणाले. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

काकूंना मी एकच सांगितलं: इंजेक्शनं हातातल्या पर्समध्ये, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि कुठला डोस कधी ते डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. मी तिकिटं काढणारा माणूस, त्यात मी पडत नाही.

चार दिवसांनी काका एक कागद दाखवायला आले. पट्टीने आखलेलं वेळापत्रक. एका रकान्यात भारताची वेळ, दुसऱ्यात तिकडची, तिसऱ्यात डॉक्टरांना विचारून भरलेले डोस. शेवटचा रकाना 'शेरा'. त्यात जायच्या फेरीसमोर लिहिलं होतं: घाट.