माडीवर रेंज आणताना

आमचं घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं, जुनं. पुढं सोपा, मग माजघर, मागं परडं. खालच्या भिंती दगडी, दोन फूट रुंदीच्या. वरची माडी नंतर स्लॅब टाकून बांधलेली. फायबरचं कनेक्शन घेतलं तेव्हा केबल जिथून आत आली तिथंच, पुढच्या दारावर, वायफायचा डबा ठोकून बसवणारा पोरगा निघून गेला. सोप्यात नेट झकास. माडीवर वहिनींच्या ऑनलाइन शिकवण्या चालतात, तिथं सगळी बोंब. "भावजी, पोरं म्हणत्यात मॅडम तुमचा आवाज तुटतोय," हे रोजचंच झालं.

काही विकत घेण्याआधी मी मोजून बघायचं ठरवलं. फोनवर वायफायची ताकद दाखवणारी फुकट ॲप मिळतात. आकडे उण्यात येतात, शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. व्हिडिओ कॉलला उणे ६७ डीबीएमपर्यंत (डीबीएम म्हणजे या ताकदीचं माप) भागतं. आमच्या सोप्यात उणे ४५, माजघरात साठीच्या घरात आणि माडीवर उणे ८५. वायफायचा पाच गिगाहर्ट्‌झचा वेगवान पट्टा तर दगडी भिंतीपलीकडं जवळजवळ नाहीच. २.४ चा पोचतो, पण गल्लीतल्या सगळ्यांचे डबे त्याच पट्ट्यात. शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली आणि घराघरात ती यूट्यूबवर लागली, की हा पट्टा पार गच्च.

पहिला उपाय खरेदीचा नव्हताच. डब्याजवळ जास्तीची फायबर गुंडाळून ठेवलेली होती. कंपनीच्या माणसाला बोलावून डबा सोप्यातून माजघरात, जिन्याजवळ नेला. फायबर कोपऱ्यात दुमडू द्यायची नाही, मोठं वळण द्यायचं, एवढीच काळजी. आता मधे दगडी भिंत नाही, फक्त स्लॅब. माडीवरचा आकडा सत्तरीत आला. शिकवणीला तेवढा पुरेना.

मग राजारामपुरीतलं दुकान. दुकानदारानं काळाकुट्ट राउटर पुढं सरकवला. "सहा अँटेना हाईत, आख्खी गल्ली कव्हर करतंय बघा." अँटेना मोजून काही कळत नाही. वायफायच्या लहरी किती ताकदीनं सोडायच्या याला सरकारी मर्यादा आहे, आणि ती सहा अँटेनांनाही तीच. शिवाय राउटर कितीही ओरडला तरी उत्तर फोनला द्यावं लागतं, आणि फोनचा आवाज बारीकच असतो.

खोक्यावरचा आकडाही असाच. एसी १२०० म्हणजे २.४ च्या पट्ट्याचे ३०० आणि ५ च्या पट्ट्याचे ८६७ एमबीपीएस (नेटच्या वेगाचं माप) यांची बेरीज करून ती वरच्या शेकड्यापर्यंत फुगवलेली. एका फोनला ते एकदम कधीच मिळत नाहीत. त्यात अशा कित्येक स्वस्त राउटरांची मागची केबल खोचायची पोर्टं १०० एमबीपीएसचीच असतात, म्हणजे २०० चा प्लॅन घेतला तरी शंभराला गळा आवळलेला. म्हणून खोक्याच्या पुढच्या बाजूपेक्षा मागं बारीक अक्षरात 'गिगाबिट' (म्हणजे १००० एमबीपीएस) लिहिलंय का ते बघायचं.

भिंतीवरच्या सॉकेटात खोचायचा रिपीटर, म्हणजे आलेलं वायफाय पुढं ढकलणारा डबा, सगळ्यात स्वस्त. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढं सांगतो, त्यामुळं वेग निम्मा होतो. लोक तो रेंज नसलेल्या खोलीतच लावतात, मग त्याला मिळणार काय आणि तो देणार काय? मेशचा, म्हणजे मिळून एकच जाळं करणाऱ्या तीन डब्यांचा, संच चांगला, पण डब्याडब्यातलं बोलणं हवेतूनच व्हायचं असेल तर आमच्या भिंती त्यालाही त्याच. लायटीच्या वायरिंगमधून नेट नेणारे पॉवरलाइन ॲडॉप्टरही असतात. आमची माडी वेगळ्या फेजवर, आणि एका फेजवरचं नेट दुसऱ्यावर नीट पोचत नाही, त्यामुळं त्या वाटेला गेलो नाही.

राहिली केबल. माजघरातून जिन्याच्या कडेनं माडीवर कॅट सिक्स प्रकारची नेटची केबल ओढायची आणि वर छताला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलमधून आलेलं नेट वायफायनं पसरवणारा डबा, लावायचा. बाबांना भिंतीवर केबल झाकायची पट्टी दिसणं पसंत नव्हतं, पण दगडाला झिरी मारण्यापेक्षा पट्टी बरी म्हणून ते शेवटी तयार झाले. केबल घेताना एक खूण लक्षात ठेवा. आतली तार ब्लेडनं खरवडायची. आतपर्यंत तांबडी निघाली तर अस्सल तांबं, आत पांढरी चकाकली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. दुकानदार "दोन्ही सारखंच हो" म्हणतो. केबलमधूनच वीज न्यायची असेल तर सारखं नाही. मुलाम्याच्या तारेचा रोध जास्त, ती तापते.

आम्हाला न्यायचीच होती. पीओई प्रकारचा ॲक्सेस पॉइंट घेतला की वर वेगळा प्लग लागत नाही, वीज त्याच केबलमधून चढते. खालचा इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा डबा) आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावले, त्यामुळं लाइट गेली तरी वहिनींचा वर्ग चालू राहतो. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली खरी कमाई हीच. खर्च मेशच्या संचापेक्षा कमीच आला.

वायरमननं केबलच्या टोकाला आरजे-४५ प्लग दाबून बसवल्यावर (क्रिंप केल्यावर) वेग शंभरावरच अडला. शंभराला तारांच्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. एक तार नीट बसली नव्हती, टोक कापून नवं क्रिंप केल्यावर सुटला. खाली-वर नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, २.४ चं चॅनल खाली १, वर ११. तरी माडीवर गेलेला फोन खालच्यालाच चिकटून राहायचा. खालच्याची ताकद सेटिंगमधून कमी केली तेव्हा त्यानं सोडलं. आता माडीवर उणे ४८.

परड्यातली माझी कामाची खोली अजून बाकी आहे. तिकडं उघड्यावरून तांब्याची केबल टाकायला मन धजत नाही. वळवात जवळपास वीज पडली तर तारेतून झटका येऊन दोन्हीकडची उपकरणं जातात. म्हणून तिथं धातूची तार नसलेली फायबर आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी नेटची केबल जोडणारे डबे) बसवायचे ठरवलेत. फायबरमधून वीज वाहत नाही. वायरमन म्हणतोय, खोदकाम पावसाआधी उरकून घेऊ.