लेकाचं स्वमग्नतेचं प्रमाणपत्र काढताना

लेकाला ऑटिझम म्हणजे स्वमग्नता आहे हे कळल्यावर डॉक्टरांनी स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी असं सगळं लिहून दिलं. प्रमाणपत्राचं मात्र सांगितलं थेरपी सेंटरच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या एका आईने. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, आणि किमान ४० टक्के अपंगत्व असेल तर बऱ्याच सवलती मिळतात.

घरी सासूबाईंचा विरोध. "पोराच्या कपाळावर शिक्का कशाला मारून घेताय?" म्हटलं, "आई, कागद फाइलमध्येच राहील, कपाळावर कोण चिकटवतंय?" त्यांना पटलं नाही, पण आमच्यासोबत आल्या.

सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज भरणं सोपं आहे. आमचं घोडं अडलं ते फोटोपाशी. लेक कॅमेऱ्याकडे बघेचना. शेवटी मोबाइलच्या मागे नवऱ्याने स्टीलचं झाकण गरगर फिरवलं, तेव्हा कुठे एक बरा फोटो मिळाला.

जिल्हा रुग्णालयात तपासणीचे वार ठरलेले असतात, ते आधी विचारून घ्या. गर्दी, पुकारे, ढकलाढकली; आमच्या मुलांना हे झेपत नाही. मी रांगेत थांबले आणि नवरा त्याला घेऊन बाहेर पार्किंगमध्ये. नंबर जवळ आल्यावर मिस्ड कॉल दिला.

आत मानसशास्त्रज्ञ बाईंनी 'इसा' ही स्वमग्नता मोजायची चाचणी घेतली. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ती गोष्ट कितपत वारंवार घडते त्यावर. बेरीज ७०च्या खाली आली तर स्वमग्नता धरत नाहीत. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. बाई मुलाकडेही बघत होत्या, पण बरंचसं आपल्याच सांगण्यावर असतं. आणि मुलाची बाजू सावरून घ्यायची आपल्याला इतकी सवय, की तोंडातून "तसं करतो हो सगळं" हेच निघतं. म्हणून मी रोजचं वहीत टिपून नेलं होतं.

"नजरेला नजर देतो का?"

मी वही उघडेपर्यंत सासूबाई म्हणाल्या, "देतो की! माझ्याकडे बघून हसतो."

"आणि नवीन माणसाकडे, आजी?"

त्या थांबल्या. "नाही. पाहुणे आले की पलंगाखाली जातो."

मग त्याच बोलायला लागल्या. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून ओरडतो. भाताला वरण लागलेलं चालत नाही. तहान लागली तरी मागत नाही, हात धरून माठाकडे नेतो. दिवसभर त्याच्याजवळ त्याच असतात. माझ्या वहीत यातलं निम्मंही नव्हतं. घरात आईवडील दोघांनाही नोकरी असेल तर मुलाला जो खरा सांभाळतो त्याला सोबत न्याच.

यूडीआयडी कार्ड पिवळ्या पट्ट्याचं आलं, म्हणजे ४० ते ७९ टक्के. ८० आणि त्यावर निळा. त्यावर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यास या संस्थेच्या 'निरामय' विम्याचा अर्ज केला. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, थेरपीचा खर्चही मर्यादेत बसतो. आयकरात ८०डीडीखाली ७५,००० रुपयांची वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीतच, तेव्हा नवऱ्याने तीच ठेवली. लेक १८ वर्षांचा झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीपुढे जावं लागेल, तिथेही हे प्रमाणपत्र लागणार. झेरॉक्स काढून लॅमिनेट केलेली मूळ प्रत आता सासूबाईंच्या कपाटात आहे.