घरी सोपं काय करता येईल?

"काकू, मुलांकडून घरच्या घरी करून घेता येईल असं काहीतरी सोपं सांगा ना." कुठलाही सण पंधरा दिवसांवर आला की हा प्रश्न सुरू होतो. जिन्यात, भाजी घेताना, फोनवर. विचारणाऱ्या बहुतेक आया असतात, हल्ली काही बाबाही असतात. सांगलीच्या गावभागात आमच्या घरी सुट्टीत आजूबाजूची मुलं जमतात, कागद, माती, कामट्या घेऊन बसतात. त्यामुळे माझ्याकडे सोप्या वस्तूंची एखादी यादी असणार असं लोकांना वाटतं. यादी नाही, कसोटी आहे, आणि तुम्ही विचारलंत म्हणून आधी तीच सांगते. करता करता बिघडली तर मुलाला स्वतःच्या हाताने दुरुस्त करता येईल, अशीच वस्तू घरी करायला घ्यावी.

या कसोटीला दुकानातलं बरंचसं 'झटपट' सामान उतरत नाही. गरम गोंदाची ती बंदूक घ्या. गोंद बघता बघता घट्ट होतो, पाकळी वाकडी बसली तर काढताना कागद फाटतो, आणि बोट भाजतं ते वेगळंच. थर्माकोलचं तसंच. एकदा वाकडा कापला की सांधता येत नाही, दाणे घरभर उडतात आणि शेवटी कृष्णेत जातात. महाराष्ट्रात २०१८ साली सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली तेव्हा 'आता मखर कशाचं करायचं' म्हणून पुष्कळ घरं हळहळली. मला मात्र मनापासून बरं वाटलं. अशा सामानाशी झटापट करताना मूल रडकुंडीला येतं, मग आई ते हातातून घेते, रात्री जागून स्वतः पूर्ण करते आणि दुसऱ्या दिवशी मुलाच्या नावाने सगळ्यांना दाखवते. हे होऊ नये एवढीच माझी धडपड आहे.

म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवशी काहीच 'बनवत' नाहीत, खळ, म्हणजे पिठाचा गोंद, शिजवतात. एक वाटी मैदा किंवा कणीक, चार-पाच वाट्या पाणी. पीठ आधी गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचं, मग मंद आचेवर सतत ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन खळ काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची. पूर्वी झुरळं लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांचे हात तोंडात जातात, तेव्हा ते नको. चिमूटभर तुरटीची पूड पुरते. पावसाळ्यात खळ दोन दिवसांत आंबते, त्यामुळे लागेल तेवढीच करावी. खळीचा मोठा गुण म्हणजे ती सावकाश वाळते. चिकटवलेला कागद सरकवता येतो, पुन्हा उचलता येतो, अगदी दुसऱ्या दिवशीसुद्धा पाण्याचा हात फिरवून सोडवता येतो. बाजारचा पांढरा गोंद वाईट नाही, पण त्यात एवढी सवलत मिळत नाही.

खळ जमली की आकाशकंदील. चांदणी वगैरे नंतर, आधी आपला जुना पारंपरिक कंदील, कारण त्याची रचना एकदा कळली की मूल ती आयुष्यात विसरत नाही. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणायच्या. धार असलेल्या कडा मोठ्या माणसाने सुरीने किंवा काचकागदाने घासून घ्यायच्या, कूस बोटात गेली की दिवाळी त्यातच जाते. वीतभर लांबीच्या चोवीस कामट्या कापायच्या, सगळ्या अगदी सारख्या. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधायचे, दोरा खळीत भिजवून घेतला की गाठ सरकत नाही. आता यातले चार चौकोन कोनावर उभे धरायचे, पतंग धरतो तसे, आणि कोनाला कोन लावून गोलाकार बांधायचे. वर चार टोकं मोकळी राहतात, त्यांना पाचव्या चौकोनाचे चार कोन बांधायचे. खालच्या चार टोकांना सहावा. एवढंच. मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांच्यासाठी वेगळी कामटी लागत नाही. हा क्षण मला फार आवडतो. सैल, लोंबकळणारा सांगाडा शेवटची गाठ बसली की एकदम ताठ उभा राहतो, आणि कोणीतरी पोर हमखास विचारतं, "हे त्रिकोण कुणी केले?"

कागद लावताना चौकोनांना एक रंग, त्रिकोणांना दुसरा. पतंगाचा कागद खळीने ओला होतो तेव्हा सुरकुततो. मुलं घाबरतात, त्यांना हात लावू देऊ नका. वाळताना तो आपसूक आवळतो आणि ताठ बसतो. फाटला तर वर ठिगळ लावायचं, दिवा लागल्यावर ठिगळाची गडद छटा उलट सुंदर दिसते. वरचा चौकोन उघडा ठेवायचा, खालच्याला झिरमिळ्या. करंज्या, म्हणजे करंजीच्या आकाराची कागदी सजावट, लावायच्या असतील तर दुसऱ्या वर्षी, पहिल्याच वर्षी सगळं नको. आत एलईडी दिवा लावा. जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागदाजवळ तो नकोच.

आता माझी सर्वांत लाडकी गोष्ट, आणि ही आम्ही सांगलीकरांनी तरी करायलाच हवी. हळद. आपल्याकडे हळदीचा एवढा मोठा बाजार, पूर्वी हरिपूरला हळद साठवत ती जमिनीतली पेवं, २०१८ साली सांगलीच्या हळदीला मिळालेलं भौगोलिक मानांकन, हे सगळं आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. पण घरात हळद फोडणीपुढे जात नाही. डब्याच्या तळाशी वास गेलेली, जुनी झालेली हळद असते ना, ती काढा. पाण्यात पातळ कालवून जाड पांढऱ्या कागदावर फडक्याने पसरवा. सावलीत वाळू द्या, वरची भुकटी झटकून टाका. हा झाला पिवळाधमक कागद.

मग वाटीत थोड्या पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवा आणि त्यात काडी बुडवून त्या पिवळ्यावर काढायला सांगा. पाणी रंगहीन, पण कागदावर रेघ तांबडी उमटते! हळदीतला रंग खाराशी भेटला की लाल होतो, हळदीचं कुंकू करतात त्यातही हेच घडतं. चुन्याच्या निवळीने रेघ जास्त लाल येते, पण चुना डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून चुना मोठ्यांनीच हाताळावा. लहान मुलांना सोडा. आणि रेघ चुकली तर? लिंबाची फोड फिरवायची. आंबटाने लाल पुन्हा पिवळं होतं. चूक पुसण्याची युक्ती त्याच स्वयंपाकघरात आहे, आणि मुलं मग मुद्दाम चुका करतात, रेघा काढतात, पुसतात, परत काढतात. तास-दीड तास घरात आवाज नसतो.

या कागदाची आंब्याच्या पानांच्या आकाराची तोरणं करा, गौरीच्या मागे लावायला कमळं कापा, सोनपावलं काढा. मात्र ऊन पडेल अशा दारावर लावू नका, हळदीचा रंग उन्हात उडतो. लालीही हळूहळू उतरते. सणापुरती ही सजावट टिकते आणि तेवढी टिकली तर पुरे, पुढच्या वर्षी मुलाचा हात आणखी वळलेला असतो, त्याला नवीनच करायचं असतं. माळ्यावर खोक्यात ठेवून वर्षानुवर्षं तीच प्लास्टिकची फुलं काढणं मला पटत नाही. श्रावणात तेरडा फुलतो, पुढे झेंडू येतो, आंब्याची पानं तर बारा महिने असतात. ऋतू आपल्याला सामान देत असताना त्याच्याकडे पाठ फिरवू नये.

ज्यांना टिकाऊच काही हवं असेल त्यांनी रद्दीच्या टोपल्या कराव्यात. आपल्या आज्या करत होत्या त्याच. वर्तमानपत्रं फाडून रात्रभर भिजत घालायची, दुसरीकडे मेथ्या भिजवून वाटायच्या. कागद पिळून कुटायचा, त्यात मेथ्यांचं वाटण मिसळायचं. मेथीचा चिकटपणा लगद्याला धरून ठेवतो आणि कडूपणामुळे कीड दूर राहते. पातेलं पालथं घालून त्यावर ओलं फडकं पसरायचं आणि लगदा थापत जायचं, बोटभर जाडी ठेवून. कडकडीत वाळल्यावर सोडवून घ्यायची. भोक पडलं, तडा गेला, तर आणखी लगदा थापायचा. वर गेरू, चुन्याची नक्षी. याला ऊन भरपूर लागतं, म्हणून हे काम एप्रिल-मे महिन्यातलं. पावसाळ्यात केलं की बुरशी धरते. आणि कागदाचा लगदा म्हणजे काहीतरी किरकोळ, असं कुणाला वाटत असेल तर त्याने आपल्या गणपती मंदिरातल्या चोर गणपतीचं दर्शन घ्यावं. भाद्रपद प्रतिपदेलाच, चतुर्थीच्या आधी, गाजावाजा न करता तो बसतो, आणि मूर्ती कागदाच्या लगद्याची आहे. तिचं विसर्जन करत नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे.

मातीचं सांगायचं तर बेंदराइतकी, म्हणजे आपल्याकडच्या बैलांच्या सणाइतकी, चांगली सुरुवात नाही. पोळ्याचे फोटो बघून लोक श्रावण अमावास्येची वाट बघतात, पण आपल्या जिल्ह्यात कुठे ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर, कुठे आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर. कुंभाराकडून बैलजोडी जरूर आणा, त्यांचं पोट त्यावर आहे आणि त्यांच्या बैलाची ऐट आपल्याला साधणार नाही. पण शेजारी मुलाने केलेला एक बैल ठेवा. नदीकाठची काळी माती चाळून घ्या. ती वाळताना आखडते आणि तडकते, म्हणून त्यात पिंजलेला कापूस मिसळा, शाडूतही कारागीर कापूस घालतात. शिंगं आणि पाय मोडतात, आत खराट्याची काडी घाला. उन्हात ठेवू नका, सावलीत हळूहळू वाळू द्या. आषाढातली दमट हवा इथे उपयोगी पडते. तडा गेलाच तर त्याच मातीचा पातळ चिखल बोटाने भरायचा. सगळाच बैल बिघडला तर पाण्यात टाकायचा, उद्या पुन्हा माती तयार.

दिवाळीतल्या किल्ल्याबद्दल मी सातारकरांना काय सांगणार! अजिंक्यतारा डोक्यावर घेऊन वाढलेली पोरं ती, उतार कसा असतो, माची कुठे असते, त्यांना बघून ठाऊक असतं. सांगलीच्या सपाटीवरच्या मुलांसाठी एवढंच, की विटा रचून त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाका, उतार आपोआप खरा दिसतो. आणि अळीव चार-पाच दिवस आधी पेरा, वसुबारसेला हिरवळ हवी असेल तर.

संक्रांतीचे हलव्याचे दागिनेही पुष्कळजणी विचारतात. घरात बोरन्हाण असेल तर हौस मी समजू शकते, पण पहिल्यांदा हात लावायची ही वस्तू नाही. हलवा घरी काट्यावर आणायला, म्हणजे दाण्यावर पाकाचे काटे फुलवायला, थंडी, मंद शेगडी आणि तासन्‌तास बसायची तयारी लागते. विकतचा हलवा आणून दोऱ्याच्या गाठींत एकेक दाणा बांधत हार करणं त्यातल्या त्यात जमेल. दाणा निसटला तर गाठ सोडून परत बांधता येते, म्हणजे माझ्या कसोटीला तो उतरतो. फक्त दहा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात देऊ नका, कारण तेवढ्या वेळात हलवा अर्धा पोटात गेलेला असतो.

वयाचंही विचारता, तेव्हा सांगते. चार-पाच वर्षांच्या मुलाला माती आणि हळदीचा कागद. सात-आठला लगदा, खळ, तोरण. कंदिलाचा सांगाडा दहाच्या पुढे, कारण गाठी मारायला बोटांत जोर लागतो. पण दहा वर्षांचं मूल सांगाडा बांधत असेल तर पाच वर्षांच्या धाकट्याला कागद चिकटवायला बसवा, वेगळं काम शोधू नका.

खर्च म्हणाल तर कामट्या, रंगीत ताव आणि दोरा एवढंच विकत आणावं लागतं. शक्य असेल तर बुरुडाकडे मुलाला घेऊन जा. बांबू उभा चिरताना बघू द्या, कामटी किती जाड हवी ते त्यालाच विचारू द्या. आमच्याकडची मुलं मला विचारत नाहीत, त्यांना विचारतात, आणि उत्तर जास्त चांगलं मिळतं.

तुम्ही आत्ता, आषाढ लागायच्या आत विचारताय, तर या आठवड्यात चाळलेली माती भिजत घाला आणि कापूस पिंजून ठेवा. हळदीचा कागद श्रावणात एखाद्या पावसाच्या दुपारी. कामट्या मात्र दसऱ्याच्या आधीच आणून ठेवा, नंतर बुरुडांकडे सुपं-टोपल्यांची गर्दी असते आणि सारख्या जाडीच्या चोवीस निवडून मिळत नाहीत.