डिरिक्ले फल, नोंद ७: ५६ ला √२ परिमेय झाला

डिरिक्ले फल परिमेय (दोन पूर्णांकांच्या भागाकाराने लिहिता येणाऱ्या) संख्येला १ देतं, अपरिमेयला ०. √२ अपरिमेय, तरी काल रात्री दोन वाजता त्याचं उत्तर १ आलं. या आठवड्यात लाइन रात्रीची, म्हणून हरभऱ्याला पाणी सोडून वावरातल्या खोपडीत मोबाइलवर पायथन चालवत होतो.

हे फल दुहेरी सीमेने लिहितात : कॉस(म!·π·क्ष) चा २न-वा घात घ्यायचा, आधी न अनंताकडे न्यायचा (ही आतली सीमा), मग म. म! म्हणजे १ ते म चा गुणाकार. मागच्या वेळी राउंडिंगमुळे कॉसचे घात सोडले होते. आतली सीमा शेवटी एवढंच सांगते : म!·क्ष पूर्णांक असेल तर १, नाहीतर ०. तेवढंच थेट पायथनच्या फ्रॅक्शनने (अचूक अपूर्णांकाने) तपासलं. म = ५५ पर्यंत ०, ५६ ला १, पुढे सगळीकडे १!

तासभर कोड चाळला. स्प्रिंकलरचे पाइप बदलून आलो, परत बसलो. मग फ्रॅक्शनकडे √२ म्हणून नेमकं काय गेलंय ते छापून पाहिलं : ६३६९०५१६७२५२५७७३ भागिले ४५०३५९९६२७३७०४९६. हा छेद म्हणजे २ चा ५२वा घात. ५६! मध्ये २ किती वेळा? २८ + १४ + ७ + ३ + १ = ५३. ५५! मध्ये फक्त ५०, म्हणून तिथे छेदात ४ उरतो. ५६ ला पूर्ण कटतो. कोड बरोबरच होता. मी त्याला √२ दिलाच नव्हता, एक परिमेय संख्या दिली होती!

डेसिमलच्या नादी कोणी लागू नका. पन्नास अंक घ्या की पाचशे, छेद १० चा घात, तोही कुठल्या तरी म! मध्ये जिरतोच. म!·√२ पूर्णांक असेल तर त्याचा वर्ग २·(म!)² हा पूर्ण वर्ग हवा. म्हणून मी आता '२·(म!)² पूर्ण वर्ग आहे का' एवढंच आयएसक्यूआरटीने (पायथनचं पूर्णांकी वर्गमूळ) विचारतो. ५०० पर्यंत शून्य. सिद्धता जुनीच, पण तो शून्यांचा रकाना बघून फार बरं वाटलं.

पुढे फ्रेंच गणिती बेअरचं १८९९ चं काम घेणार होतो : हे फल संतत (कुठे न तुटणाऱ्या) फलांच्या एकाच सीमेत का बसत नाही. पण हे लिहितानाच सुचलं. प्रत्येक म ला मिळतं ते क/म! (क पूर्णांक) या बिंदूंच्या संचाचं सूचक फल : त्या बिंदूंवर १, इतरत्र ०. त्या सगळ्यांना २ च्या म-व्या घाताने भागून बेरीज केली तर? अपरिमेय बिंदूवर प्रत्येक पद संतत, बेरीज एकसमान अभिसारी (सगळ्या बिंदूंवर एकाच वेगाने स्थिरावणारी), म्हणजे तिथे बेरीजही संतत. परिमेय बिंदूवर मात्र तुटणार. जर्मन गणिती थोमेच्या १८७५ च्या फलाचं भावंडच, तेही फक्त परिमेय बिंदूंवर तुटतं! १/२ ला किंमत १/२, १/३ ला १/४, ३/७ ला १/६४.

आलेखाचं ॲप ठिपके जोडून रेघ मारतं, म्हणून दारव्ह्याहून आणलेल्या आलेख कागदावर हातानेच काढतोय. छेद ७ पर्यंतचे ठिपके झाले. बेअर नंतर.