एप्रिलच्या उन्हात पेशीतली गळती

बेळगाव जिल्ह्यात चिकोडी-अथणीकडं ऊन तापलं की ब्रॉयलरच्या शेडमध्ये मर लागते ती साधारण दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान. आणि आधी जातात ती दोन किलोच्या पुढची, सगळ्यात चांगली वाढलेली पाखरं. मागं पडलेली बारकी पाखरं चोची उघड्या टाकून धापा टाकत का होईना, तग धरतात. दोष पंख्याला आणि गेलेल्या लाइटला दिला जातो, तो खोटाही नाही. पण एक कारण पाखराच्या स्नायूत, मायटोकॉन्ड्रियात (पेशीतल्या ऊर्जेच्या भट्टीत) असतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

गोकाकचा धबधबा आठवा. घटप्रभेचं पाणी 52 मीटर खाली पडतं. त्यातलं जे पाणी पाइपातून टर्बाइनवर गेलं, त्यानं गिरणी चालवली. जे कड्यावरून पडलं, त्याचे तुषार झाले. मायटोकॉन्ड्रियात अन्न जाळून आतल्या पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) साठवले जातात. एटीपी सिंथेज नावाच्या चक्कीतून परतणारे प्रोटॉन एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, बनवतात, पडद्यातून झिरपणाऱ्यांची नुसती उष्णता होते. पीटर मिचेल यांनी ही कल्पना 1961 साली मांडली आणि 1978 चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. हे झिरपणं, म्हणजेच गळती, किरकोळ नसतं. उंदराच्या विश्रांतीच्या वेळच्या ऊर्जाखर्चातला पाचवा ते चौथा हिस्सा ते खातं.

कार्यक्षमता मोजायचं माप म्हणजे ऑक्सिजनच्या एका अणूमागं किती एटीपी बनले. याला पी/ओ म्हणतात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एनएडीएच या रेणूच्या वाटेनं आले तर ते 2.5 च्या आसपास, सक्सिनेटच्या वाटेनं 1.5. गळती यातून आणखी वजा होते.

मग गळती बंदच केली तर? तिथंच चुकतं. धरण काठोकाठ भरलं की सांडवा लागतो. पडद्यावर प्रोटॉनचा दाब फार वाढला की मागून येणारे इलेक्ट्रॉन तुंबतात, वाटेतच ऑक्सिजनवर उडी मारतात आणि सुपरऑक्साइड तयार होतं. ते पडद्यातली चरबी आणि प्रथिनं जाळतं. जपानमधल्या संशोधकांनी 2006 साली ब्रॉयलर 34 अंशांत ठेवून पाहिलं, तर स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियात सुपरऑक्साइड वाढलेलं आणि सांडव्याचं काम करणारं एव्हीयूसीपी हे प्रथिन घटलेलं दिसलं. म्हणजे सांडवा हवा तेव्हाच त्याची दारं बंद.

म्हणून शेडमधले उपाय नुसते गारव्याचे नसावेत, आतली भट्टी मंद करणारेही असावेत. खाद्य पचताना जी उष्णता निघते ती खाल्ल्यावर काही तास वाढत जाते. त्यामुळं दहाला भांडी वर उचलावीत आणि ऊन उतरल्यावर, पाचनंतर खाली सोडावीत. अकराला उचलून उपयोग नाही, तोवर पोट भरलेलं असतं. पिठाच्या काही भागाऐवजी तेलातून ऊर्जा दिली तर पचनाची उष्णता कमी निघते. धापा टाकून कार्बन डायऑक्साइड जातो, रक्त अल्कधर्मी होतं, म्हणून पाण्यात पोटॅशियम क्लोराइड देतात. पण टाकीचं पाणीच तापलेलं असलं तर पाखरू पीत नाही आणि सगळं वाया जातं. टाकीवर ओलं गोणपाट टाकणं हा या यादीतला सगळ्यात स्वस्त उपाय, आणि सगळ्यात जास्त विसरला जाणाराही. फॉगर (बारीक तुषार उडवणारं यंत्र) आर्द्रता 70 टक्क्यांच्या पुढं गेली की बंद करावा. वळवाच्या आदल्या दिवशीची कोंदट दुपार असेल तर तो उलट मारतो.

जर्शी आणि एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकराच्या गाईंचं गणित वेगळं. टीएचआय, म्हणजे तापमान-आर्द्रता निर्देशांक, काढा: (1.8×तापमान+32) मधून (0.55−0.0055×आर्द्रता)×(1.8×तापमान−26) वजा करायचं. 38 अंश आणि 25 टक्के आर्द्रतेला 83 येतो, आणि दूध 72 च्या पुढं उतरायला लागतं. गाय कमी खाते म्हणून दूध घटतं, हे निम्मंच खरं. उरलेली घट चयापचय बदलल्यामुळं होते. थंडीत उपाशी गाय अंगची चरबी जाळते, उन्हात मात्र इन्शुलिन वर जातं आणि चरबी सुटत नाही. याचं एक स्पष्टीकरण ऑक्सिजनच्या हिशेबात आहे. पामिटेट या चरबीतल्या आम्लाच्या एका रेणूतून 106 एटीपी मिळतात, पण त्याला ऑक्सिजनचे 46 अणू लागतात, म्हणजे अणूमागं 2.3. ग्लुकोजला 12 अणूंत साधारण 31, म्हणजे 2.6. कमी उष्णतेत काम भागवायचं तर ग्लुकोज बरं. पण दुधातली साखर त्याच ग्लुकोजातून बनते, आणि कासेच्या वाट्याला ते कमी येतं. अशा वेळी पेंड वाढवून दूध परत येईल ही अपेक्षा फोल. सावली, गार पाणी आणि रात्रीची वैरण आधी.

पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडं उलटा प्रश्न. भिजल्या गोठ्यात जन्मलेल्या वासराजवळ तपकिरी चरबी असते. तिच्यातलं यूसीपी1 म्हणजे प्रोटॉनसाठी मुद्दाम उघडलेलं भोक. एटीपी नको, ऊबच हवी. हा साठा फार टिकत नाही, म्हणून चीक वेळेत पाजावा लागतो: 35 किलोच्या वासराला दिवसभरात साडेतीन लिटर, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. डुकराच्या वंशात हे जनुक सुमारे 2 कोटी वर्षांपूर्वीच निकामी झालं. पिलं नुसती कुडकुडतात, म्हणून त्यांना बल्ब लागतो. कोंबडीतही यूसीपी1 नाही.

बेडूक मात्र गळतीचा कंजूस. गार, कमी ऑक्सिजनच्या पाण्यात हिवाळा काढणाऱ्या युरोपीय बेडकाच्या स्नायूंतली गळती कमी झालेली आढळली आहे. त्या पाण्यात ज्वाला लहान ठेवणंच शहाणपणाचं.

हे सगळं प्रयोगशाळेत मोजणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. स्नायूचा नमुना बर्फात आणावा, फ्रीझरमध्ये घालू नये. गोठला की पडदा फाटतो आणि गळती खोटीच मोठी दिसते. निपाणीहून बेळगावात यायला दीड-दोन तास धरा. मोजताना तापमान त्या जनावराचं ठेवावं, गाईला 38.5, कोंबडीला 41. सगळ्यांना 25 अंशांत मोजून तुलना करण्यात अर्थ नाही. ग्लुटामेट-मॅलेट हे इंधन घालून, एडीपी (एटीपीचा कच्चा माल) देऊन श्वसनाचा वेग चौपटही होत नसेल तर तो नमुना टाकून द्यावा. गळती पाहायची तर ओलिगोमायसिन या रसायनानं चक्की बंद करून उरलेला वेग मोजावा.

दुसरी गोष्ट इथल्या उंचीची. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर आहे. हवेनं संपृक्त केलेल्या पाण्यात इथं ऑक्सिजन किनाऱ्यापेक्षा सुमारे 9 टक्के कमी विरघळतो. पुस्तकातला समुद्रसपाटीचा आकडा घालून ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड लावला, तर वापरलेला ऑक्सिजन तेवढ्या प्रमाणात जास्त दिसतो आणि 2.5 चा पी/ओ 2.3 च्या खाली उतरतो. जनावर ताणाखाली आहे असा निष्कर्ष निघतो, आणि चूक असते ती दाबाच्या नोंदीत. त्या दिवशीचा दाब आधी वहीत लिहावा, मग इलेक्ट्रोड चालू करावा.