टाच टेकायच्या आधीच

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीच्या चालण्याच्या नोंदींची फाइल मी अजूनही अधूनमधून उघडते. त्यातल्या एका पावलावर येऊन थांबते. जेमतेम सेकंदभराचा आलेख आहे, पण त्यानं माझी बरीच गृहीतकं हलवली.

मी फिजिओथेरपिस्ट. गेट लॅबमध्ये, म्हणजे माणूस चालतो कसा हे मोजायच्या प्रयोगशाळेत काम करते. ही मुलगी व्हॉलीबॉल खेळायची. तीन वर्षांपूर्वी उडी मारून उतरताना उजवा पाय आत मुडपला, घोटा सुजला. एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं, म्हणून सगळ्यांनी 'नुसता मुरगळलाय' म्हणून सोडून दिलं. या 'नुसता' शब्दाचा मला मनापासून राग आहे. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, दिसत नाही. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं, पुढचं लिगामेंट अशा मुरगळण्यात सर्वांत आधी ताणलं किंवा फाटलं जातं. सूज उतरली की लोक क्रेप बँडेज काढून ठेवतात आणि पाय बरा झाला असं समजतात. बऱ्याच जणांचा होतोही. काहींचा मात्र वर्ष उलटलं तरी सपाट जमिनीवर दगा देत राहतो. त्याला आम्ही घोट्याची जुनाट अस्थिरता म्हणतो. घोट्याच्या स्थिरतेची एक 30 गुणांची प्रश्नावली आहे. 24 किंवा त्याखाली गुण आले की पाय अस्थिर धरतात. तिला 14 होते.

चार महिने ती माझ्याकडेच व्यायामाला येत होती. नडगीच्या बाहेरच्या अंगानं पेरोनियस लाँगस नावाचा स्नायू उतरतो. त्याची दोरी बाहेरच्या घोट्यामागून वळते, तळपायाखालून आडवी जाते आणि अंगठ्याच्या बाजूच्या हाडांना लागते. पाऊल आत मुडपू लागलं की त्याला बाहेर ओढायचं काम मुख्यतः याचं. म्हणून मी रबरी पट्ट्यावर त्याचे व्यायाम देत होते. ती दर आठवड्याला सांगायची, "मॅडम, इथे नडगीच्या बाजूला दिवसभर भरून येतं." मी म्हणायचे, "अगं, स्नायू अशक्त आहे, म्हणून थकतो."

त्या दिवशी ईएमजी, म्हणजे स्नायूंचे विद्युत सिग्नल टिपणारं यंत्र, लावून तिला चालवायचं होतं. बघणाऱ्याला वाटतं, चकत्या चिकटवल्या की झालं. खरं काम त्याआधीचं. केस काढायचे, स्पिरिटनं त्वचा लालसर होईपर्यंत पुसायची. पेरोनियस लाँगससाठी फिब्युलाच्या, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या, डोक्यापासून बाहेरच्या घोट्यापर्यंत रेघ धरायची आणि वरून पाव अंतरावर, 20 मिलिमीटरच्या फरकानं दोन इलेक्ट्रोड लावायचे. थोडं पुढे सरकलं तर बोटं उचलणाऱ्या स्नायूचा सिग्नल मिसळतो, मागे सरकलं तर पोटरीतल्या सोलियसचा. म्हणून मी आधी नुसती बोटं उचलायला लावते. तेव्हा पडद्यावरची रेघ शांत राहिली पाहिजे. मग पाऊल खाली-बाहेर ढकलायला लावते. तेव्हा ती उसळली पाहिजे. ही तपासणी न करता घेतलेल्या नोंदींवर मी विश्वास ठेवत नाही, मग त्या कोणीही घेतलेल्या असोत.

निरोगी माणसाच्या चालण्यात टाच टेकताना या स्नायूची थोडी कुजबुज असते. त्याचा खरा जोर दिसतो तो अंग पायावर येऊन पुढे सरकतं तेव्हा. हिचा स्नायू उशिरा आणि क्षीण जागा होईल अशी माझी खात्री होती. पडद्यावर दिसलं भलतंच. पाय हवेत असतानाच, टाच टेकायच्या सुमारे 130 मिलिसेकंद आधी, तो पूर्ण जोरात सुरू झालेला, आणि चवडा उचलेपर्यंत बंदच होत नव्हता. नडगीसमोरचा टिबियालिस अँटीरियर हा स्नायूही त्याच्या जोडीनं ताणलेला.

मला पहिली शंका आली ती माझ्याच मांडणीची. टाच कधी टेकली हे टाचेखालचा स्विच सांगतो. मी तो टाचेच्या मध्यावर लावला होता. व्हिडिओ हळू करून पाहिला तर ही मुलगी टाचेच्या बाहेरच्या कडेवर उतरत होती. म्हणजे पाय टेकून गेल्यावर स्विच दाबला जात होता, आणि म्हणून स्नायू उगाच जास्त लवकर वाटत होता. स्विच बाहेर सरकवला. फरक 130 वरून 100 वर आला, पण मिटला नाही. इलेक्ट्रोड नव्यानं लावले, तरी तेच.

मग वाचलेलं एकेक आठवू लागलं. 1965 साली फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी मांडलं होतं की लिगामेंटबरोबर त्यातले संवेदना देणारे मज्जातंतूही दुखावतात, त्यामुळे सांध्याची खबर नीट पोचत नाही. पाऊल मुडपल्यावर या स्नायूची प्रतिक्षिप्त हाक यायला साधारण 60 ते 80 मिलिसेकंद लागतात, आणि प्रत्यक्ष ओढ निर्माण व्हायला आणखी वेळ जातो. तोवर घोटा वळून झालेला असतो. अशा पायांमध्ये चालताना हा स्नायू लवकर सुरू होतो आणि जास्त वेळ चालतो, असं अलीकडच्या अभ्यासांतून पुढे आलंय. मी ते वाचलं होतं. समोर बसलेल्या मुलीच्या 'भरून येतं'शी मात्र कधी जोडलं नव्हतं. दिवसभरात हजारो पावलं, प्रत्येक पावलाआधी हा स्नायू पहाऱ्यावर, आणि संध्याकाळी मी त्यालाच रबरी पट्ट्यावर आणखी राबवत होते.

आठवी फेरी चालू होती. मी पडद्यावरून मान न उचलता म्हणाले, "बास, आता दोनच राहिल्या हं." तिनं "हो मॅडम" म्हणत माझ्याकडे पाहिलं आणि तिचा पाय मुडपला. पडली नाही, भिंतीला हात टेकून सावरली. "असंच होतं," एवढंच म्हणाली. मी तिला बसवलं, घोटा दाबून पाहिला. सूज नव्हती, दुखत नव्हतं. मग नोंद उघडली.

त्या एका पावलाआधी पेरोनियस गप्प होता. बाकी प्रत्येक पावलाआधी दिसणारी ती जाड रेघ तिथे जवळजवळ सपाट. पाऊल कडेवर टेकलं, आणि त्यानंतर 70 मिलिसेकंदांनी एक उंच, एकटी टोकदार उसळी. हाक आली होती, पण उशिरा.

सहकारी म्हणाला, "ते पाऊल काढून टाक, सरासरी बिघडतेय." आमचं सॉफ्टवेअरही तसंच बनलंय. दहा पावलं घ्या, सरासरी काढा, वेगळं पडेल ते बाद करा. ती ज्या तक्रारीसाठी आली होती, ती तक्रार नेमकी त्या बाद होणाऱ्या पावलात होती. मी ते काढलं नाही. अहवालात त्याचा आलेख वेगळा जोडला आणि 'एकच पाऊल, निष्कर्ष नाही' असं स्पष्ट लिहिलं.

कारण निष्कर्ष खरंच नाही. माझ्या बोलण्यानं तिचं लक्ष हटलं म्हणून पहारा ढिला पडला, की दमलेला स्नायू आठव्या फेरीला तसाही चुकणार होता, हे एका पावलावरून सांगता येत नाही. तिला बोलतं करून पुन्हा चालवलं असतं तर कदाचित कळलं असतं. त्या दिवशी माझी हिंमत झाली नाही. त्याहून जास्त छळतो तो दुसरा प्रश्न. हा सततचा पहारा म्हणजे दुखणं की उपाय? तो उतरवायला शिकवलं आणि खालचा सांधा अजून सैलच असला तर?

पट्ट्याचे व्यायाम मी निम्म्यावर आणले. त्याजागी एका पायावरचा तोल, टाचेच्या मध्यावर उतरण्याचा सराव आणि मांडीचा-कुल्ह्याचा जोर वाढवणं सुरू केलं. तिला आलेखही दाखवला. ती बराच वेळ त्या जाड रेघांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मी सांगत होते ते खरं होतं."

"हो," मी म्हणाले. "मी ऐकायला हवं होतं."

गेल्या आठवड्यापासून तोलाच्या व्यायामात तिला मी शंभरातून सात-सात वजा करायला लावते. परवा शहाऐंशीवर आली आणि घोटा थरथरायला लागला. पाय खाली टेकवला, पुन्हा उचलला. "मॅडम, परत त्र्याण्णवपासून," म्हणाली.